सापडलेला मोबाइल आणि गावाची वही

(शहापूर व मुरबाड तालुक्यांतील पंचायत सदस्य, शिक्षक आणि अधिकारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय वरवर पाहता लहान आहे. रस्त्यात, एस.टी.त, आठवडे बाजारात किंवा शाळेच्या पटांगणात कोणाचा तरी मोबाइल सापडतो, कधी शाळेचा टॅब सापडतो. तो ज्याचा त्याला परत कसा पोहोचवावा, एवढाच हा प्रश्न. "सापडला तर देऊन टाकावा, त्यात भाषण कसले?" असे कोणी म्हणेल. परंतु देऊन टाकावयाचा म्हणजे कोणाला द्यावयाचा, कोठे नेऊन द्यावयाचा, कोणासमक्ष आणि कोणत्या खुणेवरून, या चार प्रश्नांची उत्तरे आपल्या बहुतेक गावांत आज ठरलेली नाहीत. ती ठरलेली नसल्यामुळे द्यावयाची इच्छा असूनही वस्तू परत जात नाही. आपल्याकडे प्रामाणिक माणसांची वाण नाही, त्या प्रामाणिकपणाला चालावयाला वाट नाही, अशी माझी धारणा आहे. ती वाट कशी घालून देता येईल, याचा विचार आज करावयाचा आहे.

एका घराचा एकच मोबाइल

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. तेव्हापासून ठाणे जिल्हा म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे महानगरेच उभी राहतात. परंतु याच जिल्ह्यात शहापूर आणि मुरबाड हे दोन विस्तीर्ण ग्रामीण तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार शहापूरची लोकसंख्या सुमारे ३ लाख १४ हजार आणि मुरबाडची सुमारे १ लाख ९० हजार होती. भातसा आणि तानसा यांचे पाणी मुंबईला पाजणारा शहापूर तालुका आणि सह्याद्रीच्या कुशीत माळशेज व नाणेघाटाच्या पायथ्यापर्यंत पसरलेला मुरबाड तालुका यांतील वस्ती पाड्यापाड्यांत आणि वाड्यावाड्यांत विखुरलेली आहे. वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा या स्थानकांवरून शहापूरची माणसे लोकलने कामाला जातात. मुरबाडकरांची मदार मुख्यतः एस.टी.वर आणि खाजगी जीपगाड्यांवर. दिवाळी झाली की अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि घरी राहिलेल्या म्हाताऱ्या आईबापांशी त्यांचा संबंध राहतो तो हातातल्या एका मोबाइलपुरताच.

शहरात मोबाइल हरवला तर माणूस हळहळतो आणि दुसरा घेतो. येथे पुष्कळ घरांत मिळून एकच मोबाइल असतो. बँकेत मजुरी जमा झाल्याचा संदेश त्यावर येतो. आधारशी जोडलेला क्रमांक तोच असल्यामुळे शासकीय योजनेच्या पडताळणीचा ओटीपीही त्यावरच येतो. मुलाचा अभ्यास, दवाखान्याच्या तारखा, भट्टीच्या मुकादमाचा नंबर, गेलेल्या माणसाचे एकुलते एक छायाचित्र, सारे त्यातच. अंगणवाडी सेविकेच्या मोबाइलमध्ये तर साऱ्या पाड्यातील बालकांच्या वजनाची नोंद करण्याचे साधन असते. २०२१ पासून हे काम पोषण ट्रॅकरवर होत आहे.

या दोन तालुक्यांनी ही साधने मागाहून आणि नाइलाजाने स्वीकारली, असेही नव्हे. मुरबाड तालुक्यातील धसई हे गाव १ डिसेंबर २०१६ रोजी राज्यातील पहिले रोकडरहित गाव म्हणून जाहीर झाले, तेव्हा त्याचे नाव देशभर पोहोचले होते. शहापूर तालुक्यातील पाष्टेपाडा येथील जिल्हा परिषद शाळेत शिक्षक संदीप गुंड आणि ग्रामस्थ यांनी लोकवर्गणीच्या बळावर मुलांच्या हाती टॅब दिले. तो प्रयोग पाहण्यासाठी दूरदूरच्या शिक्षकांनी पाड्याची वाट तुडवली. ज्या वस्तूसाठी पाड्याने पदरमोड केली, ती वाटेत पडली तर तिला घरी परतण्याची सोय असावी, हे ओघानेच आले.

सापडणाऱ्याची भीती

आता सापडणाऱ्या माणसाच्या बाजूने पाहू. समजा, टोकावड्याहून मुरबाडकडे येणाऱ्या गाडीत एका मजुराला बाकाखाली मोबाइल दिसला. त्याने तो उचलला. त्याच्या मनात पहिला विचार परत देण्याचाच येतो. पण लगेच दुसरा विचार येतो : पोलीस ठाण्यात नेला तर "तुझ्याकडे आला कसा?" असे विचारतील, एक दिवसाची मजुरी बुडेल, चार चकरा माराव्या लागतील आणि नाव मात्र चोराच्या यादीत जाईल. ज्याच्या अंगावर धड कपडे नाहीत त्याच्या हातात भारी मोबाइल दिसला की पाहणाऱ्याच्या मनात आधी संशय येतो, ही आपल्या समाजाची जुनी खोड आहे. वाडीवरच्या माणसाला ती चांगली ठाऊक आहे. म्हणून तो घाबरून मोबाइल बंद करतो, घरात पत्र्याखाली खुपसून ठेवतो, नाही तर सिम काढून टाकून देतो. चोरी करण्याची त्याची इच्छा नव्हती, पण परिणाम चोरीसारखाच झाला. धनी तिकडे नंबर लावून लावून थकला आणि त्याला मात्र "फोन बंद आहे" एवढेच ऐकू आले.

माणसे मुळात लबाड असतात, असे मानून चालणाऱ्यांनी एका अभ्यासाकडे लक्ष द्यावे. २०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. ४० देशांतील ३५५ शहरांत १७ हजारांहून अधिक पाकिटे बँका, टपाल कार्यालये, हॉटेले अशा ठिकाणच्या कर्मचाऱ्यांकडे "ही बाहेर सापडली" असे सांगून देण्यात आली. आपला देशही त्यात होता. पैसे नसलेल्या पाकिटांबाबत सुमारे ४० टक्के वेळा मालकाशी संपर्क साधला गेला आणि पैसे असलेल्या पाकिटांबाबत सुमारे ५१ टक्के वेळा. पैसे असतील तर पाकीट परत येणार नाही, हा अंदाज खोटा ठरला. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पाकिटावर मालकाचा पत्ता दिसत होता आणि पाकीट एका ठरलेल्या जागी, टेबलामागे बसलेल्या माणसाच्या हाती गेले होते.

जपानचे उदाहरणही असेच बोलके आहे. टोकियो शहरात २०१८ साली हरवलेल्या सुमारे १ लाख ५६ हजार मोबाइलांपैकी ८३ टक्के मालकांना परत मिळाले. तेथील माणसे शिस्तीची आहेत हे खरेच. पण तेथे वस्तीवस्तीत छोटी पोलीस चौकी असते, सापडलेली वस्तू तेथे देण्याची वहिवाट लहान मुलांनाही ठाऊक असते आणि देणाऱ्याची रीतसर नोंद होते. सद्गुणाला जागा आणि कागद यांची जोड मिळाली, की तो नित्याचा व्यवहार होतो.

कायदा काय सांगतो

आपला कायदा सापडणाऱ्याकडे संशयाने पाहत नाही, हे पंचायत सदस्यांनी लोकांना समजावून सांगितले पाहिजे. भारतीय करार अधिनियम, १८७२ याच्या ७१ व्या कलमाप्रमाणे दुसऱ्याची वस्तू सापडून ती ताब्यात घेणाऱ्यावर, विश्वासाने सोपवलेली ठेव सांभाळणाऱ्या माणसाइतकीच जबाबदारी असते. सामान्य समंजस माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी त्याने घ्यावी, अशी अपेक्षा आहे. मालकाने बक्षीस जाहीर केलेले असेल, तर ते मागण्याचा हक्कही १६८ व्या कलमाने सापडणाऱ्याला दिलेला आहे.

दुसरी बाजू भारतीय न्याय संहितेच्या ३१४ व्या कलमात आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून अमलात आली. वस्तू जपावी किंवा मालकाला परत करावी, या हेतूने जो ती उचलतो तो गुन्हेगार नव्हे, असे हे कलम स्पष्ट करते. परंतु मालक माहीत असताना किंवा त्याला शोधण्याचे साधन हाती असताना, किंवा शोधण्याचा वाजवी प्रयत्न न करता आणि वाजवी काळ वाट न पाहता जो ती वस्तू स्वतःच्या उपयोगात आणतो, तो अपहाराचा दोषी ठरतो. त्याला किमान सहा महिने आणि कमाल दोन वर्षे कारावास व दंड होऊ शकतो. १८६० च्या दंड संहितेपासून चालत आलेले एक उदाहरण येथे लागू पडते. रस्त्यात एक पत्र सापडते, त्यात नोट असते आणि पत्रावरून ती कोणाची हे कळते. अशी नोट ठेवून घेणे हा अपहार होय. मोबाइल तर असे पत्र आहे, की जे आपल्या धन्याचे नाव घंटा वाजवून सांगते. "कोणाचा ते कळले नाही" ही सबब मोबाइलच्या बाबतीत फार काळ टिकत नाही.

अशी वस्तू जाणूनबुजून विकत घेणाराही सुटत नाही. अपहार केलेली वस्तू कायद्याच्या दृष्टीने चोरीच्या मालातच मोडते. शिवाय मोबाइलच्या ओळख क्रमांकात फेरफार करणे हा दूरसंचार अधिनियम, २०२३ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कारावास, ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांना पात्र असा गुन्हा आहे. बाजारात कोणी बिलाशिवाय स्वस्तात मोबाइल देऊ लागला, तर तरुणांनी मोहात पडण्यापूर्वी एवढे आठवावे.

कोंडवाड्याची वही

ही व्यवस्था गावाला अगदी नवी आहे, असे समजू नये. हरवलेली, चालतीबोलती मालमत्ता सांभाळून धन्याला परत देण्याची एक संस्था आपल्या गावांनी पिढ्यान् पिढ्या पाहिली आहे. ती म्हणजे कोंडवाडा. १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणासंबंधीच्या कायद्याने कोंडवाड्यावरील माणसाला एक वही ठेवण्यास सांगितले आहे. जनावरे किती व कशी आहेत, कोणत्या दिवशी व कोणत्या वेळी आणली, आणणाऱ्याचे नाव व गाव कोणते, आणि मालक ठाऊक असल्यास त्याचे नाव व गाव, या गोष्टी त्या वहीत लिहावयाच्या. आणणाऱ्याच्या हाती त्या नोंदीची नक्कल द्यावयाची. सात दिवसांत मालक आला नाही तर पोलीस ठाण्यास कळवावयाचे, तेथे सूचना लागावयाची आणि गावात व जवळच्या बाजारात दवंडी पिटावयाची.

दीडशे वर्षांपूर्वीच्या या चार रकान्यांत आपल्या आजच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे. त्यातही 'आणणाऱ्याला नक्कल' ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. हा कागद म्हणजे प्रामाणिक माणसाची ढाल होय. "हा मोबाइल अमुक तारखेला, अमुक वेळी, मी स्वतः होऊन आणून दिला" एवढे लिहिलेला आणि शिक्का मारलेला चिठोरा खिशात असेल, तर वाडीवरच्या मजुराला कोणाच्याही प्रश्नाची भीती बाळगावयाचे कारण नाही.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की, प्रत्येक ग्रामपंचायत कार्यालयात आणि प्रत्येक शाळेत 'सापडलेल्या वस्तूंची वही' असावी. तिला मोठा खर्च नाही, वरून मंजुरीची वाट पाहावयास नको. दोनशे पानांची एक वही, पानाच्या दोन प्रती निघतील असा कार्बन कागद आणि एक कुलूपबंद कपाट पुरे. तारीख व वेळ, वस्तूचे वर्णन, म्हणजे रंग, बनावट, कव्हर, काचेवरील चीर, सापडल्याची जागा, आणणाऱ्याचे नाव व सही अथवा अंगठा, स्वीकारणाऱ्याची सही, पुढे वस्तू कोणाकडे सुपूर्द केली त्याची पोच. एवढे रकाने असावेत. पंचायतीने वस्तू आपल्याकडे महिनोन्महिने ठेवू नये. एक दिवसात मालक मिळाला नाही, तर पोलीस पाटलांना कळवून ती संबंधित पोलीस ठाण्यात जमा करावी आणि ठाण्याची पोच वहीला जोडावी. बेवारस वस्तू तात्पुरती ताब्यात घेणे हे महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ प्रमाणे पोलिसांचे कर्तव्यच आहे. एकट्या मजुराने ठाण्याची पायरी चढणे आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या पत्रासह वस्तू ठाण्यात जाणे, यांतील अंतर आपण सर्वजण जाणता.

वस्तू हाती आल्यावर

सापडलेल्या मोबाइलचे काय करावे आणि काय करू नये, हे लोकांना सोप्या शब्दांत सांगितले पाहिजे.

पहिली गोष्ट, मोबाइल बंद करू नये आणि सिम काढू नये. धन्याला आपल्यापर्यंत पोहोचण्याची तीच एक दोरी असते. मोबाइलला कुलूप असले तरी येणारा फोन घेता येतो. चार्जिंग संपले असेल तर ते करून द्यावे. बंद पडून पुन्हा सुरू केलेल्या मोबाइलवर पुष्कळदा फोन करणाऱ्याचे नाव दिसत नाही, नुसता नंबर दिसतो, तरी तो फोन घ्यावा. डोळखांबच्या आतल्या खोऱ्यांत, आजोबाच्या डोंगराखाली किंवा माळशेजच्या वळणांवर रेंज मिळत नाही, तेथे घंटा वाजणारच नाही. अशा ठिकाणी सापडलेला मोबाइल रेंज असलेल्या गावात आणावा आणि काही वेळ तेथे चालू ठेवावा.

दुसरी गोष्ट, कुलूप उघडण्याचा खटाटोप करू नये आणि उघडाच सापडला तर आतील छायाचित्रे व संदेश चाळू नयेत. दुसऱ्याच्या घराचे दार उघडे दिसले म्हणून आपण आत शिरत नाही. मोबाइल एखाद्या स्त्रीचा असेल तर ही मर्यादा अधिकच कसोशीने पाळली पाहिजे. घरच्या क्रमांकावर एक फोन करण्यापुरताच त्याचा उपयोग करावा.

तिसरी गोष्ट, जो पहिल्यांदा "माझा" म्हणेल त्याच्या हाती मोबाइल देऊ नये. खूण विचारावी. कव्हर कसले, पडद्यावर चित्र कोणते, कोठे चीर आहे, शेवटचा फोन कोणाला केला होता, हे खऱ्या धन्याला सांगता येते. त्याने दुसऱ्या मोबाइलवरून आपला नंबर लावून समोर घंटा वाजवून दाखवावी. खोक्यावरील किंवा बिलावरील क्रमांक जुळवून पाहावा. गावाच्या व्हॉट्सॲप गटावर सूचना टाकावयाची असेल तर "एक मोबाइल सापडला आहे, खूण सांगून न्यावा" एवढीच टाकावी. चारही बाजूंची छायाचित्रे टाकली, तर खूण विचारावयास काही उरत नाही.

चौथी गोष्ट, परत देण्याचे काम शक्यतो पंचायत कार्यालयात किंवा शाळेत, दोन माणसांसमक्ष व्हावे. मोबाइल परत देतो म्हणून एखाद्या मुलीला एकटीला नाक्यावर बोलावणे योग्य नाही आणि तिनेही तसे जाऊ नये.

वस्तू प्रवासात सापडली तर तिची जागा वेगळी आहे. एस.टी.त सापडलेली वस्तू वाहकाच्या स्वाधीन करावी. शहापूर आणि मुरबाड या दोन्ही ठिकाणी आगार आहे, तेथे चौकशी करता येते. लोकलमध्ये किंवा फलाटावर सापडली तर स्थानक प्रमुख किंवा रेल्वे सुरक्षा दल यांच्याकडे द्यावी. प्रवाशांचे हरवलेले सामान परत करण्यासाठी या दलाची 'ऑपरेशन अमानत' ही मोहीम आहे आणि रेल्वेचा मदत क्रमांक १३९ आहे. म्हसे येथील पौषी पौर्णिमेची यात्रा असो, की पावसाळ्यात माळशेज, माहुली आणि विहीगावच्या धबधब्यावर लोटणारी पर्यटकांची गर्दी असो, अशा वेळी एक टेबल, एक वही आणि एक ध्वनिक्षेपक असलेली जागा सर्वांना दिसेल अशी ठेवली, तर दवंडीचे काम आपोआप होते.

हरवणाऱ्याने काय करावे

मालकाचीही जबाबदारी लहान नाही. प्रत्येक मोबाइलला आयएमईआय नावाचा पंधरा अंकी ओळख क्रमांक असतो. दोन सिमांच्या मोबाइलला असे दोन क्रमांक असतात. मोबाइलवर *#०६# ही कळ दाबली की ते पडद्यावर दिसतात. घरातील प्रत्येक मोबाइलचा हा क्रमांक शिधापत्रिकेच्या पाकिटात किंवा मुलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर आजच लिहून ठेवावा. बिल आणि खोका जपावा. मोबाइल हरवल्यावर हा क्रमांक शोधणे म्हणजे घर जळाल्यावर विहीर खणणे होय. तसेच मोबाइलच्या आणीबाणीच्या माहितीत घरच्या माणसाचा नंबर भरून ठेवला, तर तो कुलूप न उघडताही सापडणाऱ्याला दिसू शकतो.

हरवल्याचे लक्षात येताच प्रथम दुसऱ्या फोनवरून आपला नंबर लावावा. कोणी उचलले नाही, तर मात्र वेळ दवडू नये. बँकेला कळवून पैशांचे व्यवहार थांबवावेत. पैसे गेल्याचे दिसले तर १९३० या क्रमांकावर तात्काळ तक्रार करावी. पोलीस ठाण्यात हरवल्याची नोंद करून तिची प्रत घ्यावी आणि कंपनीकडून त्याच नंबरचे दुसरे सिम घ्यावे. येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. दुसरे सिम सुरू झाले की हरवलेल्या मोबाइलमधील जुने सिम मुके होते. त्यानंतर सापडणाऱ्याकडे घंटा वाजत नाही. मग मालकापर्यंत पोहोचण्याचे दोनच मार्ग उरतात : आयएमईआय क्रमांक आणि गावाची वही.

आयएमईआयच्या मार्गासाठी केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाने केंद्रीय नोंदवही उभी केली आहे. तिचा आरंभ सप्टेंबर २०१९ मध्ये आपल्या महाराष्ट्रातच प्रायोगिक स्वरूपात झाला आणि मे २०२३ मध्ये 'संचार साथी' या संकेतस्थळाद्वारे ती सर्व देशासाठी खुली झाली. पोलीस नोंदीची प्रत, ओळखपत्र, आयएमईआय क्रमांक आणि असल्यास बिल देऊन तेथे अर्ज केला, की तो मोबाइल देशातील कोणत्याही कंपनीच्या जाळ्यावर चालेनासा होतो. अर्जासाठी ओटीपी लागतो आणि नव्या सिमवर संदेश सुरू होण्यास एक दिवस लागू शकतो, म्हणून धीर धरावा. पुढे कोणी त्या मोबाइलमध्ये सिम घातले, की त्याची माहिती पोलिसांकडे जाते. २०२५ च्या अखेरपर्यंत या मार्गाने देशभरात ७ लाखांहून अधिक मोबाइल परत मिळाले आणि त्यांत महाराष्ट्राचा वाटा ८० हजारांहून अधिक होता. मोबाइल परत मिळाल्यावर मालकाने त्याच संकेतस्थळावर अडथळा काढून टाकण्याचा अर्ज करावयाचा असतो, हे विसरू नये. जुना मोबाइल विकत घेण्यापूर्वी 'केवायएम' असे लिहून, जागा सोडून पंधरा अंकी क्रमांक १४४२२ वर पाठविला, की त्या मोबाइलची स्थिती कळते.

ही व्यवस्था उपयुक्त आहे, यात शंका नाही. परंतु ती कागदांच्या साखळीवर चालते आणि आपल्या भागात ही साखळी पहिल्याच कडीला तुटते. मोबाइल वापरते सून, सिम असते दिराच्या नावावर, मोबाइल घेतलेला असतो भट्टीवरील सोबत्याकडून आणि बिल तर कोणी पाहिलेलेच नसते. अशा बाईचा मोबाइल हरवला की तिला दुसरे सिमही मिळत नाही आणि अर्जही करता येत नाही. म्हणून सिम वापरणाऱ्याच्याच नावावर असावे, हा आग्रह पंचायतीने आणि बचत गटांनी धरावा. मुरबाड तालुक्यातील फांगणे या गावी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली आणि ज्यांनी उभ्या आयुष्यात पाटी धरली नव्हती त्या आज्या गुलाबी लुगडी नेसून अक्षरे गिरवू लागल्या. त्या वयात आज्या अक्षरे गिरवू शकतात, तर आपल्या लेकीसुनांना पंधरा अंक उतरून ठेवणे काय अवघड आहे?

शाळेचे टॅब

शिक्षक मित्रांसाठी एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगतो. ज्या टॅबमध्ये सिम घालण्याची सोय नसते, जो केवळ वायफायवर चालतो, त्याला आयएमईआय क्रमांक नसतो, फक्त कारखान्याचा अनुक्रमांक असतो. त्यामुळे केंद्रीय नोंदवहीचा उपयोग अशा टॅबला होत नाही आणि त्यावर कोणाचा फोनही येत नाही. तो हरवला तर त्याची ओळख आपण बाहेरून लावलेल्या खुणेवरच अवलंबून राहते. म्हणून प्रत्येक टॅबच्या पाठीवर शाळेचे नाव, गाव, तालुका, अकरा अंकी यू-डायस क्रमांक आणि कार्यालयाचा फोन न पुसणाऱ्या शाईने लिहावा. अनुक्रमांक शाळेच्या जडवस्तू संग्रह नोंदवहीत आणि पंचायतीने दिलेला असेल तर पंचायतीच्या नमुना १६ मध्ये उतरवावा. मुलाला टॅब घरी देताना वहीत नोंद करावी.

टॅब हरवला म्हणून मुलाला किंवा त्याच्या बापाला धाकदपटशा दाखवू नये. भरपाईच्या भीतीने मूल शाळाच सोडते, असे होऊ देऊ नये. टॅब पुन्हा विकत घेता येतो, शाळा सोडलेले मूल परत आणणे त्याहून फार कठीण असते. उलट एखाद्या मुलाने सापडलेली पेन्सिल जरी आणून दिली, तरी ती वहीत लिहावी आणि परिपाठाच्या वेळी त्याचे नाव वाचून दाखवावे. पेन्सिलीची नोंद झालेली ज्याने पाहिली आहे, तो उद्या मोबाइल सापडल्यावर कोठे जावयाचे हे कोणाला विचारणार नाही.

अधिकारी वर्गास विनंती

पोलीस अधिकाऱ्यांना एक नम्र विनंती आहे. वस्तू आणून देणाऱ्याला बसवून चौकशी करण्याऐवजी दहा मिनिटांत पोच देऊन मोकळे करावे. वस्तू एखाद्या गुन्ह्यातील मुद्देमाल ठरली तरी ती वर्षानुवर्षे ठाण्यात पडून राहू नये. पंचनामा व छायाचित्रे करून आणि योग्य हमी घेऊन ती लवकर मालकास द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात २००२ सालीच सांगितलेले आहे. गटविकास अधिकारी आणि गटशिक्षणाधिकारी यांनी तपासणीच्या वेळी इतर नोंदवह्यांबरोबर ही वहीही पाहावी. जी वही वरिष्ठ पाहतात तीच लिहिली जाते, हा आपल्या कारभाराचा अनुभव आहे. सरपंचांनी प्रत्येक ग्रामसभेत सापडलेल्या आणि परत दिलेल्या वस्तूंची यादी वाचून दाखवावी. परत करणाऱ्याचा नारळ देऊन सत्कार केला तर उत्तमच, पण त्याची संमती असेल तरच. पुष्कळांना आपले काम गुपचूप करणे आवडते.

बंधू-भगिनींनो, या साऱ्या सूचनांत पैशाचा प्रश्न जवळजवळ नाही. एक वही, एक शिक्का, एक कपाट आणि आणून देणाऱ्याकडे विश्वासाने पाहणारी नजर एवढेच लागते. वाटेत सापडलेला मोबाइल हातात घेऊन जो माणूस गावात शिरतो, त्याला पहिल्या घरी विचारल्यावर "पंचायतीत जा, तेथे लिहून घेतात आणि कागद देतात" असे उत्तर मिळाले पाहिजे. शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांतील प्रत्येक पाड्यावर हे उत्तर मिळू लागेल तो दिवस आपल्याच हातात आहे. आपण परत गेल्यावर पहिल्या कामाच्या दिवशी ही वही उघडावी आणि तिच्या पहिल्या पानावर तारीख घालावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.